नगरपालिकेचं दप्तर कुणाचं?

माहिती अधिकारावरून सध्या जो वाद पेटला आहे, त्यात दोन्ही बाजू माणसांवर घसरल्या आहेत. एकीकडे म्हणतात, नगरपालिकेत अर्ज टाकणारे बहुतेक जण धंदेवाईक झालेत. ठेकेदाराचं बिल अडवायचं आणि मग ‘बसून मिटवायचं’. दुसरीकडे म्हणतात, माहिती दाबणारा प्रत्येक अधिकारी चोर. राज्य माहिती आयोगाने एकाच अर्जदाराची हजारो अपिलं एकगठ्ठा फेटाळली, तेव्हा तर हे भांडण टिपेला पोचलं. अर्जदाराचं चारित्र्य निघालं, अधिकाऱ्यांचं निघालं, माहिती आयुक्तांचंही निघालं. पण ज्या कागदांपायी एवढी अपिलं होतात ते कागद मुळात अर्ज करून मागावे का लागतात, हा प्रश्न मला कुठल्याच बाजूकडून ऐकू आला नाही.

माझं म्हणणं असं आहे. नगरपरिषद, महापालिका किंवा ग्रामपंचायत यांच्या कामाचे कागद, म्हणजे अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, सभेचे ठराव, हे अर्जाची वाट न पाहता लोकांसमोर असले पाहिजेत. ते असतील तर अर्जांचा ढीग आपोआप उतरेल आणि खंडणीखोराचा धंदाही बसेल. आणि ते जोवर समोर येत नाहीत, तोवर मागणारा कोण आहे आणि कशासाठी मागतोय याची चौकशी करण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. कायद्याने नाही आणि न्यायानेही नाही.

काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेत मी आमच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्याची नस्ती, म्हणजे फाइल, पाहायला गेलो होतो. रस्ता होऊन एकच पावसाळा गेला होता आणि गटाराच्या कडेने तो खचायला लागला होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, आवक शिक्क्याची पोच घेतली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ‘समक्ष येऊन पाहणी करावी’ असं पत्र आलं. बांधकाम विभागातल्या लिपिकाने नस्ती पुढे सरकवताना विचारलं, ‘कशाला पाहिजे तुम्हाला? ठेकेदाराशी काही वाजलंय का?’ मी नाही म्हणालो आणि मोजमाप पुस्तिका उघडली. तिला तिथे सगळे एम. बी. म्हणतात. निळ्या शाईत लांबी, रुंदी, जाडी असे रकाने. लांबीचे तुकडे पाडलेले आणि प्रत्येक तुकड्यापुढे रुंदी साडेतीन मीटर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साडेतीनच. आमच्या गल्लीत मारुतीच्या पारापाशी रस्ता असा आवळतो की रिक्षावाले आत यायला तयार होत नाहीत. पाहुण्यांना तिथेच उतरून चालत यावं लागतं. मी काही न बोलता त्या ओळीवर बोट ठेवलं. लिपिकाने पुस्तिका स्वतःकडे वळवून घेतली, थोडा वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘इथं तर घंटागाडीसुद्धा शिरत नाही.’ तो त्याच भागात राहणारा होता.

ती नस्ती अभियंत्याने पाहिली होती, लेखापालाने पाहिली होती, मुख्याधिकाऱ्यांची तिच्यावर सही होती. सगळ्यांनी कागद कागदाशी ताडून पाहिला आणि तो तंतोतंत जुळला. रहिवासी कागद रस्त्याशी ताडतो. त्याला अभियांत्रिकी येत नसेल, पण पाराजवळ रिक्षा वळत नाही हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोट किराणा या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली, तिची सगळी ताकद हीच होती. अशा सुनावण्यांतून कामांची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि जे लोक कधी कामावर गेलेच नव्हते त्यांची नावं गावाने ओळखली. जयपूरच्या लेखापरीक्षकाला ती नावं ओळखता आली नसती; शेजाऱ्याला एका क्षणात ओळखता आली. १९९६ मध्ये राजस्थानातच ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं, तेव्हा लोकांनी मागितलं काय होतं? हिशेबाच्या कागदांच्या प्रती. आज आपण ज्याला मोठ्या थाटात पारदर्शकता म्हणतो, तिची सुरुवात हजेरीपत्रकाच्या झेरॉक्सपासून झाली आहे.

आता समोरच्यांचे सगळ्यात वजनदार मुद्दे घेऊ, कारण ते खोटे नाहीत. खंडणीचे प्रकार होतात. अर्ज टाकायचा, अपील टाकायचं, ठेकेदाराला फोन करायचा आणि पैसे मिळाले की अपील मागे घ्यायचं, हे अनेक गावांत चाललं आहे आणि माहिती अधिकारासाठी आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांनाच त्याची सगळ्यात जास्त चीड आहे. कधीकधी प्रामाणिक ठेकेदारसुद्धा पैसे देतो, कारण बिल दोन महिने लटकलं तर मजुरांचे पगार थकतात. हे सगळं मान्य. पण खंडणी मागणारा विकतो काय? तो न बोलण्याची किंमत घेतो. जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्याबद्दल गप्प राहण्याचे पैसे कोण देईल? एम. बी.चं पान संकेतस्थळावर असेल, तर गावातल्या पाच हजार लोकांना जे दिसतंय ते दडवण्याचं आमिष दाखवता येणार नाही. मागेल त्याला महिना-दीड महिन्याने, एकेकट्याला कागद देण्याच्या पद्धतीनेच या माणसाच्या हातात मक्तेदारी दिली आहे. आणि खंडणी हा गुन्हा आहेच, त्यासाठी पोलीस ठाणं आहे. पाकीटमार बसमध्ये चढतात म्हणून आपण बससेवा बंद करत नाही.

‘कशाला पाहिजे?’ हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणूनच माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराला माहिती मागण्याचं कारण द्यावं लागणार नाही आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे त्याला काही विचारता येणार नाही. हा काही आपल्याकडचा भाबडेपणा नाही. स्वीडनने १७६६ साली सरकारी कागद नागरिकांना खुले केले. तिथे आजही, एखादा कागद गोपनीय ठरतो का हे तपासायला गरज पडली तरच, तू कोण आणि कशासाठी मागतोस हे अधिकारी विचारू शकतो. एरवी नाही. त्यामागचं कारण साधं आहे. कागद खरा असेल तर तो वाईट हेतूने वाचला तरी खराच राहतो.

हेतूच तपासायचा म्हटलं तर कुणाला टिकता येईल? महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा असं फुल्यांनी सांगितलं आणि सगळ्या सभासदांत एकट्याने विरोधात मत दिलं. फुले तेव्हा स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला होता. आजच्या वादातलं तर्कशास्त्र लावलं तर त्या दिवशी कुणी सहज म्हणू शकलं असतं, हा गृहस्थ कंत्राटदार आहे, याचं काहीतरी अडलं असणार. तसं म्हटल्याने हजार रुपयांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं का? प्रश्न योग्य असेल तर तो विचारणाऱ्याचं पाकीट तपासून तो चुकीचा ठरत नाही.

शिवाय अर्जदार कोण हे कुतूहल निरुपद्रवी नसतं. लहान गावात सकाळी दिलेल्या अर्जाची बातमी संध्याकाळपर्यंत ठेकेदाराच्या घरी पोचते. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीला आणत होते. १३ जानेवारी २०१० रोजी भल्या सकाळी त्यांना भर रस्त्यात ठार मारण्यात आलं. अर्जदारांची छाननी करा, यादी करा, काळ्या यादीत टाका असं म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. जो कागद सगळ्यांसाठी खुला आहे तो कुणी पाहिला म्हणून कुणाला मारता येत नाही. एकट्या माणसाच्या नावावर निघालेला कागद मात्र त्या माणसाच्या जिवावर उठू शकतो.

दुसरा मुद्दा कामाच्या ओझ्याचा, आणि हाही मला मनापासून पटतो. लहान नगरपंचायतीत जाऊन पाहा. एकच अभियंता रस्ते पाहतो, पाणी पाहतो, बांधकाम परवानग्या पाहतो आणि अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारीही तोच असतो. निवडणुकीचं काम आलं की ते वेगळंच. त्याच्या टेबलावर ‘स्थापनेपासून आजपर्यंतच्या सर्व कामांच्या सर्व प्रती’ मागणारा अर्ज येतो तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली तर मी त्याला दोष देणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात इशारा दिला होता की कार्यालयातल्या पंचाहत्तर टक्के कर्मचाऱ्यांचा पंचाहत्तर टक्के वेळ माहिती गोळा करण्यात जावा, अशी स्थिती देशाला नको आहे. माहिती नाकारणाऱ्या पत्रांत हे वाक्य आता हमखास भेटतं. पण त्याच निकालाने विद्यार्थ्यांना त्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हे त्या पत्रांत नसतं. आणि कलम ४ खाली जी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, तिच्याबाबत कायदा कडकपणे राबवला पाहिजे असंही त्याच निकालात म्हटलं आहे. न्यायालयाची नाराजी होती ती पारदर्शकतेशी संबंध नसलेल्या सरसकट मागण्यांवर. गल्लीतल्या रस्त्याचं मोजमाप त्यात कसं बसतं?

ओझ्याचं खरं उत्तर या कलम ४ मध्येच आहे. त्यात सतरा बाबी सांगितल्या आहेत आणि कायदा झाल्यापासून १२० दिवसांत त्या प्रसिद्ध करायच्या होत्या. कायदा पूर्णपणे अमलात आला १२ ऑक्टोबर २००५ रोजी. त्याला वीस वर्षं उलटली. कलम ४(२) तर असं सांगतं की एवढी माहिती आपणहून द्या, की लोकांना हा कायदा वापरण्याची वेळच कमीत कमी यावी. म्हणजे अर्ज कमी व्हावेत ही इच्छा आजच्या अधिकाऱ्यांच्या आधी कायद्यानेच बोलून दाखवली होती आणि त्याचा मार्गही दाखवला होता. आज कितीतरी नगरपरिषदांच्या संकेतस्थळांवर कलम ४ च्या नावाखाली एक तिरपी स्कॅन केलेली फाइल असते, तिच्यात कधीच्या बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं असतात आणि कर्तव्यं म्हणून ‘शासनाच्या नियमानुसार’ एवढंच लिहिलेलं असतं. ई-निविदा पोर्टलवर कामाची निविदा दिसते. पण ठेका दिला गेला की पडदा पडतो. कार्यादेश, मोजमाप, बिल हे सगळं पडद्याआड. पैसा प्रत्यक्ष जातो तिथेच अंधार. मग त्या अंधारातला एकेक कागद मागायला लोक येतात आणि आपण म्हणतो, अर्ज फार वाढले.

राज्याने ओझं कमी करायचा जो उपाय काढला, त्याने तर अर्ज वाढवले. २०१२ च्या नियमांनी महाराष्ट्रात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा घातली. केंद्राच्या नियमांत ती ५०० शब्दांची आहे. नगरपालिकेच्या एका रस्त्याचा विचार करा. निविदा एक विषय, मोजमाप दुसरा, गुणवत्ता चाचणीचा अहवाल तिसरा, असं एखाद्या कार्यालयाने ठरवलं, की जे एका अर्जात मागता आलं असतं त्याला तीन अर्ज, तीन नोंदी, तीन अपिलं. पुढे तेच आकडे दाखवून सांगायचं, बघा एकेक माणूस किती अर्ज करतो.

आणि याच राज्यात बरं काही झालेलंच नाही असंही नाही. केंद्राचा कायदा येण्याआधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं. अर्ज नाही, तीस दिवसांची वाट पाहणं नाही. जायचं आणि नस्ती पाहायची. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्यात संशय नाही. तो नीट राबवला तर किती अर्ज वाचतील याचा हिशेब करा. पण आपल्या नगरपरिषदेत ही सोय असल्याची पाटी तुम्ही कधी पाहिली आहे का?

तिसरा मुद्दा खासगीपणाचा. शेजाऱ्याचं घरपट्टीचं भांडण, कर्मचाऱ्याच्या रजेचा अर्ज, कुणाचं आजारपण, हे खणून काढायला माहिती अधिकार वापरला जातो आणि ते चूक आहे. त्यासाठी कलम ८(१)(ञ) होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा तोल त्यात होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा तोल काढून टाकला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आता माहिती वैयक्तिक आहे एवढंच नाकारायला पुरतं. व्यापक जनहित असेल तर देता येईल असं सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, हे खरं. पण ते जनहित तोलायचं कुणी? त्याच टेबलावरच्या त्याच अधिकाऱ्याने. ग्रामपंचायतीच्या घरकुल यादीत काय असतं? नावं. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकात काय असतं? नावं. नाव ही वैयक्तिक माहिती ठरली तर कोट किराणाची जनसुनावणी आज भरवता येईल का? गावासमोर मग वाचायचं काय, मजुरांची संख्या? संख्येला कुणी ओळखत नाही.

आणखी एक म्हणणं ऐकू येतं, आणि ते मला सगळ्यात दुबळं वाटतं. लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक आहेत ना, त्यांना विचारा. प्रत्येकाने कशाला कागद मागायचे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका एका प्रशासकाच्या सहीवर चालली. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि नगरपरिषदांची तीच गत होती. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, कागदाला जाहीरपणे प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नाही. त्या काळात नागरिकाच्या हातात काय होतं? दहा रुपयांचा स्टॅम्प लावलेला अर्ज, एवढंच.

त्या अर्जाला किती वेळ लागतो तेही पाहू. पहिले तीस दिवस. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, त्याला तीस ते पंचेचाळीस दिवस. बहुतेक ठिकाणी हे अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठासमोर चालतं. मग आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे प्रलंबित प्रकरणं लाखाच्या घरात. उशिराबद्दल रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड कायद्यात आहे, पण तो क्वचितच बसतो. या वेळापत्रकाशेजारी दुसरं एक वेळापत्रक ठेवून पाहा. रस्त्याच्या कामाला दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा, आणि मुदत संपली की त्याची सुरक्षा ठेव परत जाते. नागरिकाला कागद मिळायचा तो या मुदतीच्या आत मिळाला तरच त्याचा उपयोग.

आमच्या गल्लीत हेच झालं. मी त्या पानाची साक्षांकित प्रत मागितली, पानामागे दोन रुपये. पुस्तिका लेखापरीक्षणाला गेली आहे, असं उत्तर आलं. पहिल्या अपिलात प्रत देण्याचा आदेश झाला, प्रत मिळाली नाही. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागली तोवर तिसरं वर्ष उजाडलं होतं. प्रत हातात आली तेव्हा दोषदायित्वाची मुदत संपून ठेकेदाराची ठेव त्याला परत गेली होती. पान तेच होतं, निळी शाई तीच, रुंदी साडेतीन मीटर.

म्हणून माझी मागणी अर्ज सोपा करण्याची नाही. बिल निघायच्या पंधरा दिवस आधी एम. बी.ची पानं संकेतस्थळावर टाका आणि ज्या गल्लीतलं काम आहे त्या गल्लीत लावा. त्याला नवा कायदा लागत नाही, जादा माणसं लागत नाहीत. एक झेरॉक्स आणि चार चिकटपट्ट्या लागतात. मारुतीच्या पारावर ते पान लागलं असतं, तर साडेतीनचा तो आकडा संध्याकाळच्या आरतीपर्यंतही टिकला नसता.